खडीखालचा बर्फ

गंगोत्रीच्या वरच्या तपोवनाची चढण सुरू होण्याआधी गोमुखाच्या, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या तोंडाच्या, डोक्यावरून पलीकडे जावं लागायचं. आता ती वाट बदलली आहे, पण आम्ही गेलो तेव्हा ती अजून हिमनदीवरूनच जात होती. ऊन नुकतंच दरीत उतरलं होतं. बराच वेळ आम्ही एका दगडावरून दुसऱ्या दगडावर पाय टाकत चाललो होतो. डुगडुगणारे दगड, मधे भिजलेली करडी माती, अधूनमधून खोलीएवढा एखादा कातळ, आणि त्याला वळसा घालताना लागलेला दम. आमच्या गटातल्या काकू, साठीच्या आतबाहेरच्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या, मधेच थांबल्या आणि गाईडला म्हणाल्या, "भैया, वो ग्लेशियर कब आएगा?" तो उत्तरकाशीकडचा विशीतला पोरगा. तो म्हणाला, "माताजी, आप उसी के ऊपर चल रही हो." काकू हसल्या, त्यांना थट्टा वाटली. मग त्याने काठीच्या टोकाने दोन दगड बाजूला सारले आणि बुटाने माती उकरली. वीतभर खाली काहीतरी काळपट, ओलं चकाकलं. काकूंनी वाकून बोट लावलं, चटकन मागे घेतलं, आणि आमच्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "अगं, हे तर रस्त्याचं काम काढल्यासारखं दिसतंय. एवढं चालून आलो ते ह्या खडीसाठी?"

सगळे हसलो. काकूही हसल्या, आणि पुढे निघाल्या. पण ते वाक्य माझ्या मागे लागलं ते घरी आल्यावरही सुटेना. कारण सरळ होतं. माझ्या मनातही तेच चाललं होतं, आणि गटातल्या बाकीच्यांच्या तोंडावरूनही तेच वाचता येत होतं. दिवसाला दीडशेच माणसं आत सोडतात म्हणून परवान्यासाठी केलेली धडपड, साठवलेली रजा, विरळ हवेतली डोकेदुखी, हे सगळं करून माणूस ज्याच्यासाठी येतो ते पायाखाली आलं तरी ओळखू येत नाही. वर मान केली की शिवलिंग शिखर होतं, ६५४३ मीटरचं, दिसायला हवं तसं: टोकदार, पांढरं, निळ्या आभाळात एकटं. भागीरथीची शिखरं होती. सगळ्यांचे कॅमेरे तिकडेच. पायाखाली कुणाचाच कॅमेरा वळला नाही. माझाही नाही.

तो पांढरा रंग आपल्या डोक्यात भरतो कोण? मी आठवून पाहिलं तर शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात हिमनदीची आकृती होती, ती तर काळ्या शाईतली होती. बाण होते, इंग्रजी यू आकाराची दरी होती. पांढरेपणा तिथून आलेला नव्हता. तो आला असणार भिंतीवरच्या कॅलेंडरांतून आणि सिनेमातल्या गाण्यांमधून, आणि आमच्या बाबतीत थोडासा देवघरातूनही. आजीच्या देवघरात गंगेचा गडू होता. तांब्याचा, मुठीत मावेल एवढा, तोंड कायमचं बंद केलेला. तिच्या सासूबाईंनी काशीहून आणलेला. दिवाळीत देव घासायचं काम आम्हा मुलांकडे असे, तेव्हा तो कानाशी धरून हलवायचा आणि आतलं पाणी ऐकायचं. ते पाणी मी कधी पाहिलं नव्हतं, पण कसं असणार हे मला पक्कं माहीत होतं: थंडगार, आरपार दिसणारं, हिमालयातून नुकतंच निघालेलं. आजी गेली तेव्हा गडू फोडला. तुळशीच्या पानावरून दोन थेंब तिच्या तोंडात घातले. दिवस संपल्यावर आत्याने रिकामा गडू उपडा केला, तर तळाशी बारीक करड्या रंगाचा थर बसला होता. तिने त्यावरून बोट फिरवलं, चिमटीत चोळलं, "गाळ आहे" म्हणाली आणि गडू घासायच्या भांड्यांत टाकला. माझं लक्ष तेव्हा त्याकडे जाण्याचं कारण नव्हतं.

गंगोत्रीहून निघताना भागीरथी उजव्या हाताला खाली असते आणि पुढचे अठरा किलोमीटर ती साथ सोडत नाही. गंगोत्री साधारण ३१०० मीटरवर, गोमुख ४००० च्या आसपास. म्हणजे चढण आकड्यांत फार नाही. ती छातीत जाणवते. पहिल्या टप्प्यात देवदार आहेत, मग चिरबासाला चीड, आणि मग झाडं संपतात. संपतात म्हणजे आपोआप संपत नाहीत. भोजबासाच्या पठारावर पूर्वी भूर्जाचं दाट बन होतं. ते यात्रेकरूंच्या चहाच्या चुलींत आणि शेकोट्यांत गेलं. नव्वदच्या दशकात हर्षवंती बिष्ट यांनी, ज्यांनी १९८१ मध्ये नंदादेवीचं शिखर गाठलं होतं, चिरबासाला रोपवाटिका केली आणि भूर्जाची रोपं पुन्हा लावायला घेतली. एवढ्या उंचीवर आणि असल्या वाऱ्यात झाड वाढवायचं म्हणजे काय, हे तिथे दुपारी उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. दुपारी वारा सुटतो आणि त्यात वाळू असते. ती दातांखाली येते, कानात जाते, ओठांच्या भेगांत बसते. मधल्या गिला पहाडच्या पट्ट्यात वरून दगड येतात. तिथे गाईड बोलणं बंद करायला लावतो आणि एकेकाला पळवत पलीकडे काढतो. वर कड्यावर भरल, म्हणजे तिकडच्या रानमेंढ्या, चरत असतात. त्यांच्या खुरांनी सुटलेला खडा खाली येईपर्यंत गोळीच्या वेगाने येतो. आम्ही पळत असताना असा एक वरून आला आणि काही अंतरावर आपटला. लहान होता. पण नंतर काही वेळ कुणी बोललं नाही.

वाटेवरून नदी सतत ऐकू येते आणि अधूनमधून दिसते. तिचा रंग सिमेंटच्या पाण्याचा आहे. पहिल्या दिवशी गटातल्या एकाने मान हलवली, "किती प्रदूषण वाढलंय बघा." खरं तर तिथे वर कारखाना नाही, गाव नाही, शेत नाही. भोजबासाचा मुक्काम सोडला तर माणूसच जवळजवळ नाही. ते पाणी गढूळ आहे ते दगडाच्या पिठाने. वरचा बर्फ स्वतःच्या वजनाने सरकतो, त्याच्या तळाशी अडकलेले दगड खालच्या कातळावर घासले जातात, आणि त्या घासण्यातून इतकी बारीक भुकटी निघते की ती पाण्यात तरंगतच राहते. भोजबासाला मी बाटली भरून तंबूत ठेवली होती. सकाळी तळाशी थोडा थर होता आणि वरचं पाणी तरीही धुरकट. प्यायला चांगलं लागलं. इतकं गार की घोट गिळल्यावर कपाळात कळ येते. पण त्यात एक खडबडीतपणा होता, जिभेच्या टोकाला जाणवणारा. एक काका डोळे मिटून प्यायले आणि "अमृत" म्हणाले. मला ते पाण्यापेक्षा डोंगरासारखं जास्त लागलं.

आत्याच्या चिमटीतला गाळ मला आठवला तो तिथे.

प्रत्यक्ष मुखाशी मात्र रंग आहे. हिमनदीचा शेवट म्हणजे एक उंच, मळकी, फुटलेली भिंत. तिच्या पायाशी एक गुहेसारखी पोकळी आणि त्यातून नदी उसळत बाहेर येते. झरा नाही, ओहोळ नाही, जन्मतःच नदी. ज्या ठिकाणी बर्फाचा तुकडा नुकताच निखळलेला असतो तिथे आतला रंग दिसतो: हिरवट निळा, खोल. दाबाखाली बर्फातली हवा निघून गेली की तो लाल प्रकाश शोषतो आणि निळा परत करतो, असं त्याचं कारण आहे. पण तो निळा पट्टा फार तर दोन-चार हात, आणि बाकी सगळी भिंत करडी-तपकिरी. भिंतीच्या माथ्यावरून सतत काही ना काही पडत असतं. ऊन चढलं की आधी ठिबकणं वाढतं, मग एखादा खडा सुटतो, मग त्याच्यामागून मूठभर, मग एक मोठा धोंडा, आणि पाण्यात धप्प आवाज. तो आवाज दिवसभर थांबत नाही. यात्रेकरू तिथे लाल चुनरी वाहतात, उदबत्ती लावतात, बाटल्या भरतात. फार जवळ जाऊ नका म्हणून पाटी आहे आणि लोक पाटीच्या पुढे जातात. एक म्हातारे गृहस्थ कमरेएवढ्या नाही, पण पोटरीएवढ्या पाण्यात उभे राहून अर्घ्य देत होते. बाहेर आले तेव्हा त्यांचे पाय जांभळे पडले होते आणि चेहऱ्यावर मला हेवा वाटावा असं समाधान होतं. त्यांना पांढरं काही बघायचंच नव्हतं. त्यांना जे हवं होतं ते गढूळ असलं तरी चालणार होतं.

मी श्रद्धाळू नाही, त्यामुळे माझी तशी सोय नव्हती. मला ते समजून घ्यायला हवं होतं, आणि समजून घेण्यासाठी परत आल्यावर जे हाताला लागलं ते वाचत सुटले.

मुखापासून वर तीसेक किलोमीटर हा बर्फ चौखंबा शिखरांच्या कुशीपर्यंत जातो. तिथे वर, सहा-सात हजार मीटरवर, तो खरोखर पांढरा आहे. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांचा बर्फ तिथे पडतो आणि पावसाळ्यात आपला मोसमी पाऊसही तिथे बर्फ होऊनच उतरतो. थरावर थर साचतो, दबतो, घट्ट होतो आणि उताराने निघतो. दोन्ही बाजूंचे कडे दिवसा तापतात, रात्री गोठतात, फुटतात, आणि त्यांचा चुरा खाली चाललेल्या बर्फावर पडत राहतो. बाजूने येऊन मिळणाऱ्या रक्तवर्ण आणि चतुरंगी या हिमनद्यांची तर ओळखच त्यांच्या रंगीत दगडांवरून झालेली आहे. तिकडचे लोक हिमनदीला बामक म्हणतात, रक्तवर्ण बामक, मेरू बामक. त्यांनी नावं ठेवताना जे दिसलं ते पाहिलं, असं मानायला हरकत नाही. खाली येता येता बर्फ वितळत जातो आणि दगड वितळत नाहीत, म्हणून जितकं खाली यावं तितके दगडच दगड. ढोबळ हिशेब केला तर वर चौखंब्याजवळ पडलेल्या दगडाला मुखाशी यायला काही शतकं लागणार. काकू ज्या खडीवर उभ्या होत्या तिच्यातला एखादा दगड शिवकालात वर कुठेतरी कड्यावरून सुटला असेल. त्याला घाई नव्हती.

हे मुळात घाण नाहीच. सॅम्युअल बोर्न नावाच्या छायाचित्रकाराने १८६६ मध्ये हमाल आणि काचेच्या प्लेटा घेऊन गोमुख गाठलं होतं. त्याच्या छायाचित्रातही पुढे दगडच दगड आहेत. त्याच्याही आधी, १८१७ मध्ये, कॅप्टन हॉजसन मोजणी करत इथवर आला. म्हणजे दोनशे वर्षांत जे कुणी कागद किंवा कॅमेरा घेऊन आले त्यांना साधारण हेच दिसलं असणार, फक्त आणखी खालच्या बाजूला. काजळीची गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात उत्तराखंडातल्या वणव्यांची काजळी या दरीत वरपर्यंत पोचते, ती चिरबासाजवळ मोजली गेली आहे, आणि ताज्या बर्फावर बसली तर ती बर्फाला ऊन परतवू देत नाही. ती खरी घाण. पण ती डोळ्यांना दिसत नाही आणि जे दिसतं ते बिचारं निर्दोष आहे.

त्यातही एक गंमत आहे, आणि ती मला फार आवडली. बर्फावर दगडमातीचा पातळ थर असेल, एखाद-दोन सेंटिमीटरचा, तर तो उन्हाने तापतो आणि खालचा बर्फ जास्त वेगाने वितळतो. थर जाड असेल, वीतभर किंवा हातभर, तर उष्णता खाली पोचत नाही आणि बर्फ टिकतो. म्हणजे काकूंनी नाक मुरडलेल्या त्या खडीने खालचा बर्फ राखलेला होता. ती उचलून सगळं स्वच्छ, पांढरं करून ठेवलं असतं तर तो भाग केव्हाच गेला असता. अर्थात एवढ्यावर विश्वास टाकून बसण्यात अर्थ नाही. खडीच्या पसाऱ्यात मधेच बर्फाचे उघडे कडे असतात, लहान तळी साचतात, आणि तिथून बर्फ आतून पोखरला जातो. आम्हीही अशा एका तळ्याच्या काठाने गेलो होतो. काठ हिरवट बर्फाचा, पाणी अगदी स्थिर, आणि काठाच्या खालून कुठूनतरी पाणी वाहत असल्याचा आवाज. गाईडने आम्हाला तिथे फोटो काढायला थांबू दिलं नाही.

मागे हटण्याचे आकडे सगळ्यांना माहीत असतात. १९३५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जे. बी. ऑडेन यांनी गोमुखाचं मुख नकाशावर घेतलं, आणि त्यानंतरच्या मोजण्या त्या रेषेशी ताडून पाहता येतात. (हे ऑडेन म्हणजे इंग्रज कवी ऑडेनचे थोरले भाऊ. एकाच घरात एकाने कविता कराव्यात आणि दुसऱ्याने हिमनद्या मोजाव्यात याचं मला उगीचच बरं वाटतं.) तेव्हापासून मुख शेकड्यांनी मीटर मागे सरकलं आहे. कधी वेगाने, कधी सावकाश. मग मधे एकदा आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपून जाऊ शकतील असं वाक्य शिरलं, ते चुकीचं निघालं आणि २०१० मध्ये समितीला तसं कबूल करावं लागलं. त्या एका वाक्याने फार नुकसान केलं. ज्यांना काळजी करायची नव्हती त्यांना कारण मिळालं. मला अजूनही असे लोक भेटतात जे गोमुखाचं नाव काढलं की हसून "ते २०३५ चं ना?" म्हणतात.

पण त्याहून मला जास्त खटकतं ते हे की आपण फक्त मुख बघतो. मुख किती मीटर मागे गेलं, एवढंच. दगडांनी झाकलेली हिमनदी लांबीने सावकाश आखडते आणि जाडीने मात्र बसत जाते, दगडांसकट खाली खचते. वरून बघणाऱ्याला तेच दगड, तोच पसारा दिसतो. आतलं कमी झालेलं दिसत नाही. ते दिसलं वेगळ्याच मार्गाने. शीतयुद्धात अमेरिकेच्या हेर-उपग्रहांनी काढलेली जुनी छायाचित्रं पुढे खुली झाली. त्यांवरून संशोधकांनी हिमालयातल्या सुमारे साडेसहाशे हिमनद्यांची तेव्हाची उंची काढली आणि आताच्या उंचीशी ताडून पाहिली. २०१९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७५ ते २००० या काळात जितका बर्फ दरवर्षी जात होता त्याच्या दुप्पट वेगाने तो २००० नंतर जाऊ लागला. दरवर्षी सरासरी जवळजवळ अर्धा मीटर जाडी. लष्करी तळ शोधायला काढलेल्या फोटोंत हे सापडावं! गंगा आटणार का, असं मग लोक विचारतात. त्याचं उत्तरही सरळ नाही. मैदानात उतरेपर्यंत गंगेत पावसाचं, उपनद्यांचं, जमिनीतून झिरपलेलं पाणी इतकं मिळतं की बर्फाचा वाटा लहान होत जातो. आटण्याचा प्रश्न आधी डोंगरातल्या माणसाचा आहे, आणि तोही पावसाळ्यातला नाही, एप्रिल-मेमधला.

हे सगळं वाचून झालं तरी एक गोष्ट बदलली नाही. मला ती हिमनदी आजही सुंदर वाटत नाही. समजल्यावर गोष्टी सुंदर दिसू लागतात असं म्हणतात. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. ती मला महत्त्वाची वाटते, थोडी भीतीदायक वाटते, तिच्याबद्दल आदर वाटतो. पण डोळे मिटून हिमालय आठवला तर अजूनही शिवलिंगच येतं. हिमनद्या वाचवा म्हणून जी पोस्टरं निघतात त्यांवरही नेहमी पांढऱ्याशुभ्र, निळ्या पाण्यात कोसळणाऱ्या, कुठल्यातरी दूरच्या ध्रुवाकडच्या हिमनद्या असतात. गोमुखाचा दगडमाती भरलेला माथा कुणी पोस्टरवर लावत नाही. लावला तर बघणारा विचारेल, यात वाचवायचं काय आहे? वाघ देखणा आहे म्हणून त्याचं निभावलं. गिधाडांच्या वाट्याला इतकी माया आली नाही, आणि हिमालयातल्या या हिमनद्या गिधाडांच्या बाजूच्या आहेत असं मला वाटतं. हा विचार मला काही फारसा आवडत नाही, पण तो जात नाही.

दगड मात्र कुठेही थांबत नाहीत. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून दरवर्षी शंभर कोटी टनांच्या घरात गाळ बंगालच्या उपसागरात नेतात. समुद्राच्या तळाशी त्या गाळाचा पंखा श्रीलंकेच्याही दक्षिणेपर्यंत, तीनेक हजार किलोमीटर पसरला आहे. त्यात हिमनद्यांचं पीठ थोडं, दरडींचं आणि पावसाने ओढून आणलेलं बरंच. गंगेचं सुपीक मैदान म्हणतो ते असंच खाली आलेलं. तेवढं वाचून बरं वाटतं. मग तोच गाळ वाटेत, डोंगरातच, एका रात्रीत किंवा काही मिनिटांत खाली आला तर काय होतं ते आठवतं आणि बरं वाटणं थांबतं. २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथच्या वर चोराबारी हिमनदीच्या कडेचं तळं फुटलं. २०१७ च्या जुलैमध्ये खुद्द गोमुखासमोर मेरू बामकाच्या बाजूने दगडचिखल उतरला आणि नदीने तिथली वाट बदलली.

आणि धराली.

गंगोत्रीहून परतताना आमची गाडी धरालीला थांबली होती. रस्त्याच्या कडेला सफरचंदांच्या बागा, दुमजली-तिमजली हॉटेलं, समोर भागीरथी आणि नदीपलीकडे चढावर मुखबा गाव. दिवाळीनंतर गंगोत्रीचं देऊळ बंद झालं की गंगेची मूर्ती हिवाळ्यात तिथेच नेतात. खाली वस्तीत कल्पकेदाराचं जुनं दगडी देऊळ होतं. त्यात जायला चढायचं नव्हतं, उतरायचं होतं. देऊळ गाळात गाडलेलं होतं आणि १९४५ च्या सुमाराला उकरून काढलेलं, असं पुजाऱ्याने सांगितलं. काकूंनी पायऱ्या उतरताना विचारलं, "गाडलं कसं म्हणे?" पुजारी म्हणाला, "गाड आयी होगी, माताजी. पुराने जमाने में." गाड म्हणजे तिकडे ओढा. आम्ही नमस्कार केला, वर आलो, चहा प्यायलो. देवळाच्या शिखराला छाती लागेल एवढ्या उंचीवर आपण चहा पितोय, म्हणजे कधीतरी एवढी सगळी जमीन वरून आलेली आहे, हा विचार तेव्हा कुणाच्याही डोक्यात आला नाही. आम्हाला पुढचा मुक्काम गाठायचा होता.

५ ऑगस्ट २०२५ ला खीर गाडमधून दगडचिखलाचा लोंढा उतरला आणि धरालीच्या बाजारावरून गेला. जी चित्रफीत सगळ्यांनी पाहिली ती समोरच्या मुखब्यातून काढलेली आहे. त्यात शिट्ट्या ऐकू येतात. पलीकडचे लोक खालच्या लोकांना पळा म्हणून शिट्ट्या मारत आहेत, आणि खाली काही माणसं पळताना दिसतात. मग इमारती एकेक करून जातात. रंग तोच, ओला करडा. मी ती एकदाच पाहिली. संध्याकाळी काकूंचा फोन आला. त्या यात्रेनंतर आमचं वर्षातून एखाददा बोलणं होतं, संक्रांतीला किंवा असंच. बराच वेळ त्या चहाच्या दुकानातल्या बाईबद्दल बोलत होत्या, जिने त्यांना गुडघ्याला लावायला कसलंसं तेल दिलं होतं. तिचं नाव आम्हा दोघींनाही आठवेना. "ते खाली उतरायचं देऊळ पण पुन्हा गेलं म्हणे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अगं, पण मग तिथल्या माणसांनी राहायचं तरी कुठे? सपाट जागा तेवढीच."

ते खरं आहे. त्या दरीत जिथे जिथे सपाट जमीन आहे तिथे तिथे ती कधीतरी वरून आलेली आहे, ओढ्याने किंवा हिमनदीने आणून टाकलेली. भोजबासाचं पठार तसंच. हर्सिलची रुंद, देखणी दरी तशीच. माणूस सपाटीला भुलतो: शेत करता येतं, गाडी लावता येते, हॉटेलला पार्किंग लागतं. यात्रा वाढली तशी वस्ती ओढ्याच्या तोंडाशी सरकत गेली, आणि तिला सरकू नको म्हणून सांगणं सोपं नव्हतं. वर्षातले सहा महिने तर उत्पन्नाचे. बाहेरच्याने, एकदा चहा पिऊन आलेल्याने, त्यावर शहाणपण शिकवू नये हे मला कळतं.

भाचा या सप्टेंबरात जायचं म्हणतोय. मित्र मिळून चौघं आहेत. परवान्याचं आधी बघ, दुपारनंतर गिला पहाड ओलांडू नका, पहिल्या दिवशी गंगोत्रीत आराम करा, एवढं सांगून झालं. मग त्याने खालच्या मुक्कामाबद्दल विचारलं. त्याला नदीच्या काठावरची खोली हवी आहे, खिडकीतून पाणी दिसेल अशी. इंटरनेटवर त्याने दोन-तीन पाहूनही ठेवल्या आहेत. मी मुखब्यात कुणी घरात उतरवून घेतात का ते बघ म्हटलं. तिथे चढ आहे, सोयी कमी आहेत, असं तो म्हणाला. नदी दिसते का, त्याने विचारलं. दिसते, मी म्हटलं. खाली, बरीच लांब. तेवढी पुरे.